रंगूनची भीड

यांगॉन शहरात दुचाकींना बंदी आहे, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. विमानतळावरून टॅक्सी निघाली, पंधरा-वीस मिनिटं गेली, आणि काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. आधी वाटलं, विमानात कानाला बसलेले दडे अजून सुटले नसतील. मग उमगलं, की डावी-उजवीकडून कोणी स्कूटर घुसवत नव्हतं. पुण्याच्या माणसाला याची सवय नसते. चारचाकी मात्र इतक्या, की सगळा रस्ता मुंगीच्या पावलानं सरकत होता. वाहतूक उजव्या बाजूनं आणि बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंगही उजवीकडेच, कारण गाड्या जपानहून आलेल्या, वापरलेल्या. १९७० साली म्यानमारनं डावी बाजू सोडून उजवी धरली. तेव्हाच्या लष्करशहाला, ने विनला, ज्योतिषानं तसं सांगितलं होतं म्हणे. त्यामुळे पुढची गाडी ओलांडताना समोरून काय येतंय ते ड्रायव्हरला दिसत नाही, त्याच्या शेजारी बसलेल्याला दिसतं. शेजारी मी बसले होते.

मागच्या सीटवर आमची जुनी भाडेकरू हसत होती. पुण्यात पाली शिकायला आली, तेव्हा ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दोन वर्षं राहिली. कामापुरतं मराठी शिकली, मला काकू म्हणायची, भाडं पाच तारखेच्या आत हातात ठेवायची. घरात आहे की नाही तेही कळायचं नाही. जाताना रडली आणि ‘काकू, रंगूनला या’ म्हणाली. यांगॉन न म्हणता रंगून म्हणाली, ते माझ्यासाठी. निरोप घेताना ‘या’ असं सगळेच म्हणतात. मी खरोखरच गेले, २०१९ च्या जानेवारीत, कोलकात्यावरून, चार दिवसांसाठी. घड्याळ बरोबर एक तास पुढे करावं लागलं. बाकीच्या जगाशी न जुळणारा तो अर्धा तास आपल्यासारखाच त्यांच्याकडेही आहे.

जाताना एक गोष्ट मी गृहीत धरली होती, की उतरायचं तिच्याच घरी.

त्यांचं घर सुले पगोड्याच्या पूर्वेला, आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांपैकी एकीत, तिसऱ्या मजल्यावर. गल्लीत शिरल्यावर पहिल्यांदा दिसल्या त्या दोऱ्या. प्रत्येक मजल्याच्या सज्जातून एकेक दोरी थेट फुटपाथपर्यंत लोंबत होती, आणि प्रत्येकीच्या टोकाला कागदपत्रांना लावतात तसला जाड चिमटा. पेपरवाला येतो, चिमट्यात पेपर अडकवतो, दोरीला हिसका देतो. वर सज्जात घुंगरू वाजतं, कोणीतरी बाहेर येऊन दोरी ओढून घेतं. विजेचं बिल असंच वर जातं. आमच्या देखत कोथिंबिरीची एक जुडी हळूहळू गिरक्या घेत चौथ्या मजल्यावर गेली. मी मान वर करून बघत राहिले. त्या जिन्याच्या पायऱ्या चढल्यावर दोरीचं शहाणपण गुडघ्यांना पटलं.

घरात आई, वडील आणि आजोबा. आजोबांना ते ‘फोफो’ म्हणतात. तिच्या आईनं मला ‘अमा’ म्हणजे थोरली बहीण केलं आणि घरातली एकुलती एक खुर्ची पुढे सरकवली. ब्रह्मी भाषेत खुर्चीला ‘कलाताइंग’ म्हणतात, म्हणजे ‘कला’चं बसणं. कला म्हणजे समुद्रापलीकडून आलेला परका, मुख्यत्वे आपण हिंदुस्थानी. शब्दात आता तुच्छतेचा वास आहे, त्यामुळे त्याचा अर्थ सांगताना आमची भाडेकरू कानापर्यंत लाल झाली. १९३१ च्या जनगणनेत या शहरातले निम्म्याहून अधिक लोक हिंदुस्थानी होते. पराठ्याचा पलाता झाला, समोसा समूसाच राहिला. खुर्ची आम्ही दिली की आमच्यामुळे तिला नाव मिळालं, कोण जाणे. बाकी सगळे बुटक्या गोल मेजाभोवती जमिनीवर बसले होते आणि मी एकटी वर, सत्यनारायणासारखी. दोन घास कसेबसे खाल्ले आणि खाली उतरून मांडी घातली. तेव्हा कुठे फोफो हसले.

जेवणात भात, माशाचं कालवण, कच्च्या पालेभाज्यांचा ढीग आणि बालाचाँग. सुकी कोळंबी कुटून, लसूण-कांदा-मिरचीबरोबर तेलात कुरकुरीत परतलेली. मी रत्नागिरीची. पहिल्या घासालाच म्हटलं, अरे, ही तर आमची सोड्याची चटणी, फक्त नारळ नाही. हे भाषांतरित होऊन पोचेपर्यंत माझ्या ताटात आणखी दोन चमचे पडले होते. नको म्हणायची सोय नव्हती. नको म्हटलं तरी वाढतात, आणि संपवलं की पुन्हा वाढतात. कोकणातल्या लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं.

साडेनऊच्या सुमाराला तिची आई घड्याळाकडे बघायला लागली. वडिलांनी काहीतरी हळू आवाजात विचारलं. मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘काकू, तुम्ही दमला असाल. जवळच हॉटेल घेतलंय. इथला जिना फार उभा आहे ना, तुमचे गुडघे…’

माझे गुडघे! आले तेव्हा याच जिन्यानं चढून आले होते. मी काही बोलले नाही, पण हॉटेलपर्यंतच्या पाच मिनिटांत मनातल्या मनात सगळा हिशेब मांडला. दोन वर्षांत किती वेळा पिठलं-भात वर पाठवला, तापात किती रात्री उशाशी बसले. आणि हिनं मला परक्यासारखं हॉटेलात टाकावं? खोली स्वच्छ होती, एसी होता, खिडकीतून पगोड्याचा सोन्याचा कळस दिसत होता. सोनं बघून राग जात नाही, हा त्या रात्रीचा अनुभव.

सकाळी सातला ती हॉटेलच्या दारात हजर. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात गेलो. बुटकी प्लॅस्टिकची स्टुलं, प्रत्येक मेजावर फुकट कोऱ्या चहाचा थर्मास. पोऱ्याला बोलवायला लोक ओठांनी मुका घेतल्यासारखा आवाज करतात. मला तो शेवटपर्यंत जमला नाही आणि जमला असता तरी या वयात केला नसता. समोर आली मोहिंगा. माशाच्या रश्शात डाळीचं पीठ लावलेलं, केळीच्या गाभ्याच्या चकत्या, गवती चहाचा वास, खाली तांदळाच्या शेवया, वरून भोपळ्याची कुरकुरीत भजी. केळीचा गाभा आमच्याकडे भाजीत पडतो, गवती चहा चहात. दोन्ही माशाबरोबर भेटतील असं वाटलं नव्हतं. माझा राग निम्मा उतरला तो तिथे.

श्वेडगॉनला गेलो. अनवाणी, अगदी पायथ्यापासून. सुमारे ९९ मीटर उंचीचा सोन्याचा स्तूप आहे, आणि त्याच्याविषयी सांगण्यासारखं खूप असलं तरी मी तिथे सगळ्यात जास्त वेळ घालवला तो एका नळापाशी. स्तूपाभोवती आठ दिशांना आठ वारांची ठाणी आहेत. आठवड्याला वार सात, पण बुधवारचे दोन तुकडे केलेत: दुपारपर्यंत बुध, त्यानंतर राहू. आपला जन्म ज्या वारी, त्या वाराच्या मूर्तीला पेल्यानं पाणी घालायचं. मुलांची नावंही वारावरून ठेवतात: सोमवारच्या मुलाचं नाव क-ख-ग-घ वरून, गुरुवारच्या मुलाचं प-फ-ब-भ वरून. आपलीच बाराखडी, त्यांनी वारांना वाटून दिलेली. आपण चू-चे-चो-ला बघत बसतो, त्यापेक्षा हे सुटसुटीत वाटलं.

‘काकू, तुमचा वार?’

‘बुधवार.’

‘सकाळ की दुपार?’

आता आली पंचाईत. आई सांगायची, तू झालीस तेव्हा गुरं घरी परतत होती. म्हणजे तिन्हीसांजा. म्हणजे राहू. वायव्येच्या कोपऱ्यात, वाहन बिनसुळ्यांचा हत्ती. काही लोक वयापेक्षा एक पेला जास्त घालतात, असं कळल्यावर मी ६४ मोजायला लागले. विसाव्या पेल्याला खांदा भरून आला. शेजारी पाणी घालणाऱ्या एका अनोळखी बाईनं माझ्या हातातला पेला घेतला, उरलेले पेले भराभर माझ्या वतीनं ओतले, आणि पेला परत देताना डावा हात उजव्या कोपराला लावून दिला. वडीलधाऱ्यांना काही देण्याची त्यांची ती रीत. माझ्या राहूचं पुण्य अशा रीतीनं दोघींत वाटलेलं आहे.

हा स्तूप बांधायला कारण झाले ते तपुस्स आणि भल्लिक नावाचे दोन व्यापारी भाऊ, असं ब्रह्मी लोक मानतात. बुद्धाला ज्ञान झाल्यावर पहिलं अन्न त्यांनी दिलं, आणि त्यानं दिलेले आठ केस घेऊन ते इथे आले. पालीतली गोष्ट असल्यामुळे मुलगी रंगात येऊन सांगत होती. ‘म्हणजे पाहुण्याला जेवू घालणारे,’ मी म्हटलं, आणि वाक्याला जरा धार लावली, ‘झोपायला जागा दिली की नाही, ते लिहिलंय का?’ ती गप्प झाली. मला वाटलं, लागलं बरोबर.

दक्षिणेच्या पायथ्याशी राणी सुपायालतचं थडगं आहे. थिबा राजाची ही पट्टराणी. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाराणीला मद्रासला आणि तिथून आमच्या रत्नागिरीला आणून ठेवलं. राजा तीस वर्षं तिथे राहून १९१६ मध्ये गेला. राणीला १९१९ मध्ये परत येऊ दिलं, पण मंडालेला नाही, रंगूनला. १९२५ मध्ये ती वारली तेव्हा मंडालेत पुरायलाही परवानगी मिळाली नाही. म्हणून ती इथे. पांढरी, चढत्या छपरांची, देखणी इमारत. बहादूरशहा जफरच्या दर्ग्यावरही गेलो. दिल्लीचा बादशहा रंगूनला आणि मंडालेचा राजा रत्नागिरीला, या अदलाबदलीवर इतकं लिहून झालंय, की मी त्यात भर घालत नाही.

तिसऱ्या दिवशी मुलगी आणि तिची आई स्वयंपाकघरात असताना मी फोफोंपाशी बसले. वय ८५ च्या आसपास. लहानपणी खालच्या मजल्यावर गुजराती आणि तमिळ कुटुंबं होती; त्यांच्या पोरांत खेळून शिकलेलं मोडकंतोडकं हिंदुस्थानी त्यांच्या जिभेवर अजून होतं. ती कुटुंबं १९६४ च्या सुमाराला गेली, दुकानं सरकारजमा झाल्यावर. ‘सब गया. एक ट्रंक ले के गया,’ फोफो म्हणाले. मग त्यांनी एका वहीतून एक नोट काढून दाखवली. ७५ क्याटची. पंचाहत्तरची नोट मी जन्मात पाहिली नव्हती. ने विनच्या पंचाहत्तरीनिमित्त १९८५ मध्ये निघाली आणि १९८७ च्या सप्टेंबरात २५ आणि ३५ च्या नोटांबरोबर एका दिवसात रद्द झाली. बदलून द्यायची भानगड नाही. घरातला पैसा तो कागद. पुढे आल्या ४५ आणि ९० च्या नोटा, कारण त्यांना ९ नं भाग जातो आणि ९ हा साहेबांचा आवडता आकडा. ‘हिसाब बहुत मुश्किल,’ फोफो म्हणाले. मी त्यांना आमच्या २०१६ च्या पाचशे-हजारच्या रांगा सांगितल्या. ‘बदल के दिया?’ त्यांनी विचारलं. दिया, म्हटलं. त्यांनी मान डोलावली. आमच्याबद्दल त्यांना हेवा वाटल्याचं स्पष्ट दिसलं.

गप्पा रंगल्या होत्या. मी सहज म्हटलं, फोफो, तुमच्या नातीनं मला हॉटेलात ठेवलं बरं का.

म्हातारबांनी स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं. ‘इधर सोना मना,’ ते म्हणाले. ‘फॉरेनर. कानून.’ पूर्वी तर पाहुणा स्वतःचा सख्खा भाऊ असला, तरी रात्रीच्या मुक्कामाची नोंद वॉर्डाच्या कचेरीत करावी लागे. रात्री बारा-एकला दार वाजायचं, यादी घेऊन माणसं आत यायची, झोपलेली डोकी मोजायची. परदेशी पाहुण्यानं घरात झोपायचंच नाही, परवाना असलेल्या हॉटेलातच राहायचं. तिथेही बिल मला भरू द्यायचं नाही, असं घरात ठरलं होतं, हे फोफोंनी ओघात सांगून टाकलं. मुलगी भात घेऊन बाहेर आली ती उंबऱ्यातच थांबली.

‘मग सांगितलं का नाहीस गं?’ मी मराठीत विचारलं.

‘आ-ना-दे,’ ती म्हणाली, आणि पुढे तिला मराठी सापडेना.

आ म्हणजे ताकद, ना म्हणजे दुखणं. समोरच्याला त्रास होईल, त्याला अवघडल्यासारखं होईल, या विचारानं आपलं बळ दुखावणं; मग माणूस खरं बोलत नाही, नाही म्हणत नाही, मागत नाही. आपल्याकडे याला भीड म्हणतात, पण आपण या शब्दाचं काही भलं केलेलं नाही. भीड ही भिकेची बहीण, असं म्हणून आपण तिला दाराबाहेर उभी केली, आणि भिडस्त माणसाला व्यवहारात कच्चा ठरवला. मी पुण्यात चाळीस वर्षं काढलेली बाई. स्पष्ट बोलणं हा सद्गुण आहे असं मानत आलेय, आणि तो मी भरपूर वापरलाय.

किती वापरलाय ते तिथेच आठवलं. आपल्याकडेही परदेशी माणूस घरात ठेवला, की २४ तासांत सी-फॉर्म भरावा लागतो. ती आली तेव्हा तो भरताना मला दोन दिवस खेटे घालावे लागले होते. घरी आल्यावर मी जिन्यातच, तिच्या देखत, तोंडाचा पट्टा सोडला होता: भाडं केवढं आणि मनस्ताप केवढा! ती खाली मान घालून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पेरूंची पिशवी. मला वाटलं होतं, स्वस्त मिळाले असतील. आता इथे तिच्यावर तशीच वेळ आली, तर तिनं आपल्या देशाचा कायदा पोटात घातला, पदरचे पैसे घातले, आणि दोष दिला माझ्या गुडघ्यांना. तोही किती हळू.

त्यावर काय बोलावं हे मला सुचेना. फोफोंनीच विषय बदलला. ‘रत्नागिरी तुमारा गाँव? उधर राजा का कबर है. ठीक है?’

‘हाँ,’ मी म्हटलं. ‘बहुत अच्छा है. साफसुथरा.’

फोफोंनी डोळे मिटून मान हलवली. रात्री हॉटेलकडे चालताना वाटेत एका झाडाखाली लाकडी मांडणीत मातीचे दोन माठ होते, झाकणावर पालथा पेला. येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी कुणीतरी भरून ठेवलेली पाणपोई. मुलगी पाणी प्यायली आणि पेला पालथा घालत म्हणाली, ‘काकू, तुम्ही पुण्यात म्हणाला होतात, थिबा पॉइंटला सूर्यास्त बघायला जातो, राजाची कबर कधी बघितली नाही.’

‘म्हाताऱ्या माणसाला कसं सांगणार?’

‘आ-ना-दे,’ ती म्हणाली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली.

निघायच्या सकाळी फोफो खाली उतरू शकत नव्हते. टॅक्सीचं दार उघडलं, तेवढ्यात वर घुंगरू वाजलं. सज्जातून दोरी खाली येत होती, चिमट्यात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत बालाचाँगची बरणी. मी चिमटा सोडवला आणि पद्धतीप्रमाणे दोरीला हिसका दिला. रिकामी दोरी वर गेली.

त्याच मे महिन्यात रत्नागिरीला गेले तेव्हा शिवाजीनगर भागात जाऊन थडगं बघितलं. राजा आणि धाकटी राणी. घरांच्या दाटीत आहे. चौकशी करत गेल्याशिवाय सापडत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले होते, हे मला रिक्षावाल्याकडून कळलं. मी चार कोनांतून फोटो काढले, त्यातला चांगला दिसणारा एक पाठवला. फोफोंनी तो मोठा छापून घेतला. २०२० च्या पावसाळ्यात ते गेले, तेव्हा तो भिंतीवर होता.

१ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता हातात घेतली. १३ तारखेला कायदा बदलून रात्रीच्या पाहुण्याची नोंद वॉर्डाच्या कचेरीत करणं पुन्हा सक्तीचं केलं. त्या काळात मी रोज तिला लिहायचे, कशी आहेस. तिचं उत्तर एकच: आम्ही ठीक आहोत, काकू, तुम्ही जेवलात का? ब्रह्मी लोक भेटल्यावर असंच विचारतात, जेवण झालं का. त्यावरून बाकीचं काही कळत नाही, आणि कळू नये अशीच तिची इच्छा असावी.

आमची वरची खोली तेव्हापासून रिकामी आहे. ‘निघून ये, भाडं नको,’ असं मी तिला तीनदा कळवलं. तिन्ही वेळा ती ‘हो काकू’ म्हणाली. महिन्यातून एकदा खोली झाडून घेते. सी-फॉर्मला लागणारे कागद कपाटाच्या वरच्याच खणात काढून ठेवलेत.